आधी वजन, मग पाटे

प्रस्तावना

१९६७ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीसी नावाची मोटार बाहेर पडली. तिचं अंग एमजीबी या हलक्याफुलक्या, लोकांच्या आवडत्या गाडीचं होतं. बॉनेटखाली मात्र चार सिलिंडरच्या १७९८ सीसी इंजिनाऐवजी सहा सिलिंडरचं, २९१२ सीसीचं ओतीव लोखंडाचं इंजिन बसवलेलं होतं. जुन्यापेक्षा ते सुमारे ९५ किलोंनी जड होतं. एमजीबीची पुढची चाकं ज्या आडव्या बीमवर तोललेली असत, तो बीम या इंजिनाच्या ऑइल संपच्या आड येत होता, म्हणून अभियंत्यांनी तो काढला. कॉइल स्प्रिंगा गेल्या आणि गाडीच्या लांबीत मागे जाणारे टॉर्शन बार आले. लिव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर गेले, नळीचे आले. चाकं १४ इंचांची होती ती १५ इंचांची झाली, स्टिअरिंगचा रेशो बदलला, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. एवढं करूनही गाडी चालवून पाहणाऱ्या पत्रकारांनी बोट ठेवलं ते नेमकं वजनावर. गाडी नाकाला जड आहे, वळणात शिरताना तिची पुढची चाकं बाहेर सरकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. जेमतेम ९,००० गाड्या तयार झाल्या आणि १९६९ मध्ये उत्पादन थांबलं.

पुस्तकाच्या दारातच या गाडीची ओळख करून देण्याचं कारण सरळ आहे. एमजीसीमागे कारखाना होता, नकाशे काढणारे लोक होते, चाचणीची सोय होती. तरीही इंजिनाचं वजन वाढल्यावर गाडीच्या पुढच्या भागातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलावी लागली आणि तोल पूर्णपणे सावरला नाही तो नाहीच. आपल्या गॅरेजांत हेच काम चेन-पुलीच्या आधारानं, चार-आठ दिवसांत, बहुतेक वेळा एका माणसाच्या अनुभवावर होतं. इंजिन बसतं, गिअरबॉक्सशी जुळतं, किल्ली फिरवली की सुरूही होतं. मग काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा निम्मं काम उरलेलं असतं, आणि ज्यावर माणसांचा जीव टांगलेला असतो ते काम या उरलेल्या निम्म्यातच असतं.

हे पुस्तक त्या उरलेल्या कामाबद्दल आहे. जड इंजिन बसवल्यावर स्प्रिंगा, पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, स्टिअरिंग आणि ब्रेक यांचं काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे थांबायचं, हे यात मांडलं आहे. सगळ्या प्रकरणांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: वजन मोजल्याशिवाय सस्पेन्शनला हात लावू नये. इंजिन बदलणारा माणूस गाडीच्या रचनाकाराची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेत असतो. मूळ रचनाकारानं प्रत्येक चाकावर किती भार पडणार हे ठरवूनच स्प्रिंग निवडलेली असते. तो आकडा आपण बदलला, तर नवा आकडा शोधून काढणं हे आपलंच काम ठरतं.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. महिंद्रानं विलिस या अमेरिकी कंपनीच्या परवान्यानं इथे जी सीजे-३बी जीप वर्षानुवर्षं बनवली, ती जीप म्हणजेच इंजिन बदलाची एक गोष्ट आहे. विलिसचं आधीचं इंजिन बुटकं होतं, कारण त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. १९५३ च्या सीजे-३बीमध्ये आलेल्या हरिकेन इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट आणि पुढची जाळी वर उचलावी लागली. खेड्यापाड्यांत ओळखीचा झालेला तो उंच कपाळाचा चेहरा इंजिनाच्या उंचीतून आलेला आहे. पुढे पेट्रोल परवडेना तसं या जीपगाड्यांमध्ये डिझेल इंजिनं बसवण्याचं काम गावोगावच्या गॅरेजांतून सुरू झालं. डिझेलमध्ये दाबानं हवा तापवून इंधन पेटवायचं असतं, त्यामुळे सिलिंडरमधला दाब पेट्रोलपेक्षा खूप जास्त. तो सोसण्यासाठी ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच जाड लागतं. शिवाय बॅटरी मोठी, स्टार्टर मोठा, रेडिएटर मोठा. इंजिनाचं वजन विचारून घेणारेसुद्धा ही सोबतची वजनं अनेकदा धरत नाहीत, आणि ती बहुधा गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन बसतात.

गाडीच्या बाबतीत किती वजन वाढलं याच्याइतकंच ते कुठे वाढलं हेही महत्त्वाचं असतं. कावड खांद्यावर घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, पुढच्या घागरीत तांब्याभर पाणी जास्त झालं तरी त्याची चाल बदलते. गाडीत हा तोल हिशेबानं काढता येतो. सीजे-३बीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. समजा, जुनं इंजिन १५० किलोंचं होतं आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या ५०० मिलिमीटर मागे होता. त्यातले सुमारे ११३ किलो पुढच्या चाकांवर आणि ३७ किलो मागच्या चाकांवर पडत होते. आता २५० किलोंचं लांब इंजिन बसवलं. बल्कहेड मागे सरकू देत नाही, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३०० मिलिमीटरच मागे आला. या इंजिनाचे २१३ किलो पुढे पडतात आणि मागे तेच ३७ किलो. म्हणजे वाढलेले शंभरच्या शंभर किलो पुढच्या चाकांनी उचलले, मागच्या चाकांना त्यातला एक किलोही मिळाला नाही. इंजिन आणखी पुढे गेलं असतं, तर मागची चाकं उलट हलकी झाली असती.

या उदाहरणातून निघणारा पहिला उपाय सस्पेन्शनचा नाहीच, इंजिनाच्या जागेचा आहे. फाउंडेशनचे ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी इंजिन दोन इंच मागे आणि इंचभर खाली नेता येतं का, हे जीव तोडून पाहावं. बॅटरी सीटखाली किंवा मागे नेता येत असेल तर न्यावी. पुढे नेलेलं वजन सावरायला नंतर जो पैसा आणि वेळ लागतो, त्याच्या मानानं हे श्रम काहीच नाहीत. म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण स्प्रिंगांचं नसून इंजिनाच्या जागेचं आहे. दुसरं प्रकरण मोजणीचं आहे. इंजिन काढण्याआधी गाडी काट्यावर घ्यावी, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलावीत, आकडे लिहून ठेवावेत. नवं इंजिन पाणी-तेलासकट बसल्यावर पुन्हा तोलावीत. ट्रक तोलायच्या मोठ्या वजनकाट्यावर पाच-दहा किलोंचा फरक भरवशानं कळत नाही. त्यामुळे प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवून मोजता आलं तर उत्तम. ते जमलं नाही, तरी जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजून ठेवणं कोणालाही जमतं, आणि त्याला टेपखेरीज काही लागत नाही.

आता स्प्रिंगांकडे येऊ. वरच्याच जीपचं उदाहरण पुढे नेऊन समजा, पुढच्या प्रत्येक कमानीवर, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगवर, २०० किलो बसलेले होते आणि कमान दर सेंटिमीटरला २० किलो घेत होती. म्हणजे ती मूळ भारानं १० सेंटिमीटर दबलेली होती. १०० किलो वाढले की प्रत्येक बाजूला ५० किलो आले. कमान आणखी अडीच सेंटिमीटर दबली, नाक खाली गेलं, आणि खड्ड्यात चाक वर यायला जी जागा होती तीही तेवढीच कमी झाली. जुनी उंची परत मिळवायची तर कमानीला सेंटिमीटरला २५ किलो घेता आले पाहिजेत. म्हणजे ताठपणा २५ टक्क्यांनी वाढवायचा, कारण स्प्रिंगवरचं वजनही २५ टक्क्यांनीच वाढलं आहे. हे प्रमाण मनावर कोरून ठेवावं. ज्या प्रमाणात स्प्रिंगवरचं वजन वाढलं त्याच प्रमाणात ताठपणा वाढवला, तर गाडीची उंचीही परत येते आणि तिची हलण्याची लयही.

लय म्हणजे काय, हेही इथेच सांगतो, कारण पुढे वारंवार लागेल. गाडीचं नाक दाबून सोडलं तर ते एका ठरावीक गतीनं वरखाली होतं. त्याचं साधं सूत्र आहे: भारानं स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्यानं ५ ला भागायचं, की सेकंदाला किती हेलकावे ते मिळतात. १० सेंटिमीटर दबलेल्या कमानीचे सेकंदाला सुमारे १.६ हेलकावे होतात. शंभर किलो वाढवून कमान तशीच ठेवली तर ते १.४ वर येतात, गाडी जड आणि झोकांड्या खाणारी वाटते. आरामात बसायच्या मोटारी साधारण एक ते दीडच्या आसपास असतात. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं की पुढच्या स्प्रिंगांची लय मागच्यांपेक्षा थोडी मंद असली तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी लवकर स्थिर होते. पुढची बाजू भलतीच ताठ केली की नेमकं उलटं घडतं आणि गाडी पुढे-मागे डोलत राहते.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. जाड पाटा म्हणजे मजबूत गाडी, असं आपण धरून चालतो. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. ६ मिलिमीटरच्या पाट्यांऐवजी त्याच लांबी-रुंदीचे आणि तितकेच साडेसहा मिलिमीटरचे पाटे घातले, की ताठपणा २७ टक्क्यांनी वाढतो. वरच्या जीपला हवा होता जवळपास तेवढाच. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरनं काम झालं. त्याऐवजी कोणी ‘जरा दणकट असू दे’ म्हणून ८ मिलिमीटरचे पाटे घातले, तर ताठपणा २.३७ पट होतो आणि हेलकावे सेकंदाला २.२ च्या घरात जातात. मग प्रत्येक खड्डा थेट चासीला, स्टिअरिंगच्या सांध्यांना आणि माणसाच्या पाठीला लागतो. खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडून उडू लागतं, आणि हवेतलं चाक ब्रेकही लावत नाही आणि वळवतही नाही. अशा ताठ गाडीची पकड मऊ गाडीपेक्षा कमी असते, हे पटायला अवघड जातं. म्हणूनच त्याचं गणित पुस्तकात पायरीपायरीनं मांडलं आहे.

नाक खाली गेलं की बाजारात चार झटपट उपाय मिळतात, आणि त्या चौघांचीही ओळख करून घ्यायला हवी. पहिला, लोहाराकडे पाटे तापवून कमान उचलून घेणं. त्यानं उंची येते, ताठपणा तेवढाच राहतो. शिवाय लाल होईपर्यंत तापवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं. त्याला पुन्हा नीट पाणी दिलं नाही, तर थोड्याच दिवसांत तो बसतो किंवा तुटतो. दुसरा, लांब शॅकल किंवा ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा. यानंही फक्त उंची मिळते. लांब शॅकलनं ॲक्सलचा कल फिरतो, त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची सवय बिघडते. पुढच्या ॲक्सलवरचा ठोकळा तर ब्रेक लागताना पिळवटून निघतो, म्हणून तो वापरूच नये. तिसरा, कॉइल स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर. ते काही वेटोळ्यांचं काम बंद पाडतात आणि सगळा भार उरलेल्या वेटोळ्यांवर टाकतात. चौथा, टॉर्शन बारचा स्क्रू पिळून नाक उचलणं.

या चौथ्या उपायाचा संबंध आपल्या रस्त्यांशी जवळचा आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसडरला पुढे टॉर्शन बारच होते, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एमजीबीच्या इंजिनाप्रमाणे बीएमसीच्या ‘बी’ मालिकेतलंच होतं. त्याच गाडीत पुढे डिझेल इंजिन आलं, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, आणि बाहेरच्या गॅरेजांनी आणखी कितीतरी इंजिनं तिच्या पोटात घातली. टॉर्शन बार म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याच्या मागच्या टोकाचा कोन बदलला तर गाडीची उंची बदलते, पण दांड्याचा ताठपणा होता तेवढाच राहतो, कारण तो दांड्याच्या लांबीवर आणि व्यासावर ठरतो. व्यासाचा परिणाम तर चौथ्या घातानं होतो. २५ टक्के ताठपणा वाढवायला २२ मिलिमीटरच्या दांड्याऐवजी सव्वातेवीस मिलिमीटरचा दांडा पुरतो. स्क्रू पिळून नाक वर आणलेली गाडी उभी असताना ठाकठीक दिसते. चालताना मात्र ती आधीइतकीच मऊ असते, आणि दांडा आता जास्त पिळलेला राहून लवकर थकतो.

स्प्रिंग बदलली की शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, बदलावेच लागतात, हे इथे ठासून सांगायला हवं. गाडीचा भार स्प्रिंग पेलते आणि तिचं उसळणं शॉकअप आवरतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाचं काम दुसरं करू शकत नाही. किती आवरायचं हे स्प्रिंगचा ताठपणा आणि तिच्यावरचं वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. दोन्ही २५ टक्क्यांनी वाढले, तर शॉकअपचा जोरही २५ टक्क्यांनी वाढायला हवा. ८ मिलिमीटरच्या पाट्यांच्या चुकीच्या गाडीत तो ७२ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि असा शॉकअप दुकानात सहज मिळत नाही. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानं थोडं काम होतं हे खरं, पण ग्रीस, धूळ आणि गंज यांच्यानुसार ते बदलत राहतं. त्यावर विसंबू नये. शॉकअप निवडताना त्याची लांबीही पाहावी. पूर्ण दबल्यावर तो आतून आपटत असेल किंवा पूर्ण ताणल्यावर तोच ॲक्सलला धरून ठेवत असेल, तर तो काही दिवसांत तुटणार.

पुढची तीन प्रकरणं ज्या गोष्टींची आहेत, त्या इंजिन बदलणाऱ्यांच्या यादीत बहुधा नसतात. गाडीची उंची बदलली की पुढच्या चाकांचे कोन बदलतात. त्याबरोबर स्टिअरिंगच्या दांड्याचाही कोन बदलतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की हात स्थिर असूनही गाडी थोडी वळते. नवी उंची पक्की झाल्यावरच अलाइनमेंट करायची, आधी नाही. त्यानंतर टायर. टायरवरचा भार वाढला की त्याची वळणातली पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, त्यापेक्षा कमी. नाकाला जड गाडी वळणात बाहेर का जाते, याचं मूळ इथे आहे, आणि एमजीसीवरच्या टीकेचं मूळही इथेच होतं. पुढे जाड अँटी-रोल बार लावला तर गाडी कमी झुकते, पण पुढच्या बाहेरच्या टायरवरचा बोजा आणखी वाढतो आणि तीच खोड वाढू शकते. झुकणं कमी झालं म्हणजे पकड वाढली, असं समजू नये.

ब्रेकबद्दल मी हात राखून लिहिलेलं नाही. जड इंजिन बहुतेक वेळा जास्त ताकदीचंही असतं, म्हणजे गाडी जड होते आणि वेगानंही जाऊ लागते. वेग ६० वरून ८० वर गेला, की थांबवायची ऊर्जा वजन तेच असतानाही १.७८ पट होते. वरंधा किंवा आंबा घाटातून उतरताना हे गणित ड्रमच्या तापमानात दिसतं. शिवाय नाकावर वजन गेल्यामुळे मागची चाकं त्या मानानं हलकी झालेली असतात. जोरात ब्रेक दाबला की ती आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. म्हणून जुनेच ब्रेक ठेवून ताकदवान इंजिन बसवणं मला मान्य नाही. पैसे कमी असतील तर आधी ब्रेक, मग सस्पेन्शन आणि शेवटी इंजिन, हाच क्रम धरावा.

एमजीसीच्या गोष्टीला दोन जोडगोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही या पुस्तकाला उपयोगी पडतात. त्याच एमजीबीच्या अंगात पुढे रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ इंजिन बसलं. आधी केन कॉस्टेलो या माणसानं स्वतःच्या हिमतीवर अशा गाड्या बनवल्या आणि १९७३ मध्ये कारखान्यानंही तसं मॉडेल आणलं. हे इंजिन मुळात १९६१ च्या ब्युइकसाठी ॲल्युमिनियममध्ये घडवलेलं होतं. सिलिंडर दुप्पट असूनही त्याचं वजन एमजीबीच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच होतं. म्हणून पुढचं सस्पेन्शन मुळापासून बदलायची गरज पडली नाही आणि गाडीचा तोल टिकला. दुसऱ्या टोकाला एसी कोब्रा आहे. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी हलक्या एसी एस गाडीत फोर्डचं छोटं व्ही-८ बसवलं, तेव्हा तिचे आडवे पाटे कसेबसे पुरले. सात लिटरचं मोठं इंजिन बसवायची वेळ आली, तेव्हा १९६५ ची गाडी नव्या चासीवर उभी करण्यात आली. तिच्या मुख्य नळ्या ३ इंचांऐवजी ४ इंचांच्या होत्या आणि पाट्यांच्या जागी चारही चाकांना कॉइल स्प्रिंगा आल्या. पहिली गोष्ट सांगते की इंजिन निवडतानाच सस्पेन्शनचा निम्मा प्रश्न सुटतो. दुसरी सांगते की एका मर्यादेपलीकडे पाटे वाढवून भागत नाही आणि तेव्हा थांबणं किंवा सगळंच नव्यानं करणं हे दोनच रस्ते उरतात.

कायद्याचा विषय टाळून हे पुस्तक लिहिणं अप्रामाणिक ठरलं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलाला कोणत्या अटींवर परवानगी मिळते, हे हात घालण्याआधी आरटीओकडून लेखी घ्यावं. परवानगी नसताना बदललेल्या गाडीचा अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो आणि त्याची झळ रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला बसते. पुण्यातली एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था गाड्यांच्या चाचण्या ज्या शिस्तीनं घेतात, त्या शिस्तीचा थोडा तरी अंश आपल्या कामात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल गाड्यांमध्ये बॅटरी आणि मोटर बसवण्याचे संच आता मान्यता घेऊन येऊ लागले आहेत. तिथेही हाच हिशेब लागतो, फक्त वजन नाकाऐवजी मागे किंवा फरशीखाली जातं. म्हणून शेवटचं प्रकरण त्या गाड्यांना दिलं आहे.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल थोडं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मोजमापांचे रिकामे तक्ते आहेत. ते भरल्याशिवाय पुढचं प्रकरण सुरू करू नये, ही माझी विनंती आहे. आकडेमोड बेरीज, गुणाकार आणि वर्गमुळापलीकडे जात नाही. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर ती होते. उदाहरणांतले इंजिनांचे आणि स्प्रिंगांचे आकडे रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. ते उचलून स्वतःच्या गाडीला लावू नयेत, कारण एकाच साच्यातल्या दोन जुन्या जीपगाड्यासुद्धा पाटे, बुश आणि गंज यांमुळे सारख्या राहिलेल्या नसतात.

लिहिताना माझ्यासमोर दोन प्रकारचे वाचक होते. एक, जुनी गाडी प्रेमानं जपणारा तरुण, ज्याच्याकडे इंटरनेटवरून जमवलेली भरपूर माहिती असते पण हाताला सवय नसते. दुसरा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा एखाद्या तालुक्याच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारा मेकॅनिक, ज्याच्या हाताला सगळं कळतं पण ते कागदावर मांडायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. पहिल्यानं दुसऱ्याकडे शिकायला जावं आणि दुसऱ्यानं पहिल्याकडून तक्ते भरून घ्यावेत, असं झालं तर हे पुस्तक सार्थकी लागलं असं मी समजेन. या पुस्तकातली कितीतरी शहाणीव अशा मेकॅनिकांच्या बोलण्यातून आली आहे. आवाजावरून कोणता बुश गेला आहे हे सांगणारी ही माणसं आपल्या ज्ञानाला ज्ञान म्हणत नाहीत. मी म्हणतो, आणि त्यांचा ऋणी आहे.

शेवटी गिऱ्हाइकाला एक सांगणं. गाडी ताब्यात घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात. त्याबरोबर चार आकडेही मागा: पुढच्या चाकांवरचं वजन आधी किती होतं आणि आता किती आहे, मागच्या चाकांवरचं आधी किती होतं आणि आता किती. ते देता येत नसतील, तर काम अजून पुरं झालेलं नाही. आणि मेकॅनिक मित्रांनो, गिऱ्हाइकानं मागितले नाहीत तरी ते बिलावर लिहून द्या. त्या गाडीत बसणाऱ्यांना स्प्रिंगांचं गणित कधी कळणार नाही, ते तुम्ही त्यांच्या वतीनं केलेलं असायला हवं.